सीन एकसष्ट, टेक पाच

पहिल्या भागातल्या सुरईला मानेपाशी पोचा होता. डाव्या अंगाला, अंगठा बसेल एवढा. सुरई थर्मोकोलची, वरून पितळी रंग मारलेला. कलावाल्याने ती एका भंगाराच्या दुकानात बघितलेल्या खऱ्या सुरईवरून केली होती, पोच्यासकट. पण हे मला दुसऱ्या भागाच्या वेळी कळलं.

असल्या गोष्टी लक्षात ठेवणं हे माझं काम. सिनेमा सरळ काढत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी, उलटासुलटा काढतात. आज शेवट, उद्या सुरुवात, मधलं जमेल तेव्हा. नायिका दारातून बाहेर पडली तेव्हा तिची ओढणी उजव्या खांद्यावर असेल, तर चार दिवसांनी दाराच्या आतला तुकडा काढताना ती उजव्याच खांद्यावर हवी. ओढणी, बटणं, घड्याळाचे काटे, ग्लासातलं पाणी, सगळं मी वहीत लिहिते. सव्वीस वर्षं लिहिते आहे. सगळे मला वहीबाई म्हणतात, पाठीमागे याहून वाईट काहीतरी म्हणत असतील. म्हणू देत.

सिनेमा जिनचा होता. माणूस इच्छा मागतो, जिन ती देतो, आणि दिलेलंच माणसाच्या मुळावर येतं. पहिला भाग अकरा दिवसांत उरकला होता, आणि कसा कोण जाणे, चालला. म्हणून दुसरा. दुसऱ्याला नऊच दिवस. बंद पडलेला साबणाचा कारखाना घेतला, खिडक्यांना काळा कागद चिकटवला. त्यामुळे आमची रात्र सकाळी नऊला सुरू व्हायची आणि जेवणाच्या सुट्टीत दिवस उजाडायचा. भिंतींना अजून साबणाचा वास होता. जिनच्या गुहेत शिरलं की नुकतीच आंघोळ करून आल्यासारखं वाटायचं.

नायिका माझी भाची. वशिला लावायला माझी तिथे काय पत होती? तिचा आवाज ऐकून तिला घेतलं. ती आवाजाचीच कामं करायची. कार्टूनमधली खार, लिफ्टमधली 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी बाई, असली. माझी थोरली बहीण गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. तेव्हापासून माझ्याकडे. सतरा-अठराची झाल्यावर एकदा तिने आतल्या खोलीतून 'चहा टाकू का?' म्हणून विचारलं आणि माझ्या हातातली बशी खाली पडली. हुबेहूब ताई. ताईचा आवाज मी कुठेच साठवून ठेवला नव्हता. जगाची बटणं मोजत बसले आणि घरातलं हे एवढं राहून गेलं. भाचीच्या गळ्यात ते सापडलं, आणि त्यानंतर मी तिला उगाचच दुसऱ्या खोलीतून हाका मारायला लागले, 'ओ' ऐकायला.

तर पहिल्या दिवशी शेवट काढायचा होता, कारण धुराचं मशीन एकाच दिवसापुरतं मिळालं होतं. सीन एकसष्ट. नायिका सुरई हातात धरते आणि जिनला तोंडावर सांगते: "माझी शेवटची इच्छा. जे दिलंस ते सगळं परत घे, आणि आलास तसा आत जा." चार टेक झाले. डायरेक्टर म्हणाला, ओके. मी म्हणाले, ओके नाही.

"आता काय?" तो म्हणाला.

"पोचा नाही. ही नवी सुरई गुळगुळीत आहे."

"वहीबाई, धुरात कोणाला पोचा दिसतोय?"

"मला."

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की एखादीने वही मिटली असती. मी मिटली नाही. थर्मोकोलला पोचा पाडायला गेलो तर त्याचे तुकडे झाले. शेवटी वैतागून कलावाल्याने भंगारवाल्याचा पत्ता सांगितला. मी तशीच धावत गेले. दुकानात फळीवर, गंजलेल्या पंख्यांच्या मागे, ती होती. खरी पितळेची, जड, घट्ट बूच लावलेली. पोचा त्याच जागी, माझा अंगठा त्यात नेमका बसला. मला घाम फुटायला हवा होता. मला आनंद झाला. "हीच ती," मी भंगारवाल्याला म्हणाले.

परत आले तेव्हा मशीनमध्ये शेवटचा धूर उरला होता. एकच टेक मिळणार होता. मी वाकून पोचा कॅमेऱ्याकडे वळवला, मागे सरले आणि टेक झाला. वहीत लिहिलं: सीन ६१, टेक ५. सुरई बदलली. पोचा कॅमेऱ्याकडे. संवाद पूर्ण. ओके.

सीन बारा तिसऱ्या दिवशी आला. नायिका पहिल्यांदा बूच काढते तो. बूच निघता निघेना. भाचीने दातओठ खाऊन ओढलं तेव्हा निघालं, आणि सुरईतून धूर आला. मशीन परत गेलेलं होतं. डायरेक्टरला वाटलं, कलावाल्याने काहीतरी सोय केली. कलावाल्याला वाटलं, डायरेक्टरने केली. दोघांनी एकमेकांना लांबूनच शाबासकी दिली.

भाचीने संवाद म्हटला. "माझी पहिली इच्छा. माझा आवाज एकदा ऐकला की कुणाला तो विसरता येऊ नये." मग तिला वळून 'कोण आहे तिकडे?' म्हणायचं होतं. ती वळली, तोंड उघडलं, आणि किंचाळी आली.

मी भुतांचे सात सिनेमे केलेत. किंचाळ्या म्हणजे माझ्या रोजच्या जेवणातलं मीठ. पण ही तशी नव्हती. तिच्यात सुरुवात नव्हती आणि श्वास घ्यायला जागा नव्हती. आवाज टिपणारे काका कानावरचं यंत्र उपटून खाली बसले आणि तिथेच ओकले. भाचीने घाबरून तोंड दाबलं. मग हात काढून 'मावशी' म्हणायला गेली. ओठ 'मावशी' म्हणत होते, बाहेर तीच किंचाळी. पुन्हा. पुन्हा तीच, काडीचा फरक नाही. मग तिने दोन्ही हातांनी तोंड आवळून धरलं आणि तिचे डोळे वाहायला लागले. डायरेक्टर म्हणाला, गळ्याला ताण पडला, डॉक्टरकडे चला. सगळे तिला धरून अंगणातल्या गाडीकडे धावले.

मी मागे राहिले. सवयच तशी. वस्तू सीनमध्ये कुठे होती याची खूण केल्याशिवाय मी जागा सोडत नाही. खडूने खूण केली, सुरई उचलली, आणि तो समोर उभा होता.

आमच्या सिनेमात जिन करायचे ते मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, अगदी गरीब माणूस. समोर त्यांचाच चेहरा होता. तीच शिंगं, तोच झगा. पण उघड्या दारातून मला खरे मास्तर दिसत होते, झगा गुडघ्यापर्यंत धरून गाडीमागे धावणारे. शिवाय त्यांचे गाल निळे होते. याचे हिरवे.

"रंग चुकला," मी म्हणाले. "हिरवा पहिल्या भागात होता. दुसऱ्यात निळा आहे."

त्याला हे अपेक्षित नसावं. त्याने गालावरून बोट फिरवून बघितलं. "घाबरली नाहीस तू," तो म्हणाला.

घाबरले होते. पण त्याहून जास्त संताप आला होता, आणि संताप आला की माझी भीती कुठे जाते ते मलाही सापडत नाही.

"तिचा आवाज कुठे आहे?"

"दिला ना. मागितला तसाच दिला. आता तो कुणाला विसरता येईल का सांग."

"तिने मागितला नव्हता. कागदावर लिहिलेलं वाक्य होतं ते. काम करत होती ती."

"कुणी लिहिलं, कशासाठी म्हटलं, याच्याशी मला काय करायचंय? सुरई हातात धरून मोठ्याने बोललेला शब्द मी पाळतो. पहिल्यापासून माझं असंच आहे." तो माझ्याभोवती एक चक्कर मारून आला. चालताना त्याच्या पायाचा आवाज येत नव्हता. "तिच्या अजून दोन इच्छा शिल्लक आहेत. मागणार कशाने, एवढाच प्रश्न आहे. पण आता सुरई तुझ्या हातात आहे. तुलाही तीन."

मी सुरई आणखी घट्ट धरली.

"तिचा आवाज परत माग," तो म्हणाला. "आणि त्याबरोबर तुझ्या ताईचाही. खरा. सकाळी उठल्याबरोबर स्वयंपाकघरातून तुला हाक मारेल. माग."

खोटं कशाला बोलू? मला तो हवा होता. इतका हवा होता की तोंड उघडलं गेलं होतं. सोळा वर्षं मी त्या हाकेची वाट बघत होते. पण याच्या दोन भागांच्या पटकथा मला पाठ होत्या. हा जे देतो त्याचं पुढे काय होतं, ते मी स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतलं होतं. ताईचा आवाज मिळाला असता, आणि तो कुठल्या भिंतीतून, काय सांगत आला असता, देव जाणे. मी तोंड मिटलं. इथून पुढे सुरई हातात असताना 'मला' हा शब्द काढायचा नाही, असं ठरवलं. आणि सुरई खालीही ठेवायची नाही, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर तो दुसरा काय बोलून बसेल याचा नेम नव्हता.

"एक विचारू?" मी म्हणाले. "बूच एवढं घट्ट होतं. आत काही ऐकू येतं का?"

तो हसला. आत्मप्रौढी हा या जमातीचा स्वभाव असावा. "त्या फळीवर मी एकतीस वर्षं काढली. भंगारवाल्याच्या मुलीचं पहिलं रडणं ऐकलं, त्याच्या आईचा शेवटचा खोकला ऐकला. तू आत येऊन 'हीच ती' म्हणालीस, तेही ऐकलं. बूच मला अडवतं. शब्दांना नाही."

"म्हणजे बुचाच्या आतून ऐकलेला शब्दही तू पाळतोस."

"शब्द तो शब्द."

मी सुरई डाव्या काखेत घट्ट धरली आणि उजव्या हाताने वही उघडली.

"मग परवाचं ऐकलं असशील. सीन एकसष्ट. 'माझी शेवटची इच्छा. जे दिलंस ते सगळं परत घे, आणि आलास तसा आत जा.' सुरई हातात, मोठ्याने. तीच मुलगी."

त्याने वहीकडे मान वाकवली.

"ते खोट्या सुरईवर म्हटलं होतं," तो म्हणाला.

"चार वेळा खोट्या. पाचव्या वेळी खऱ्या." मी बोट ठेवून वाचून दाखवलं. "टेक पाच. सुरई बदलली. पोचा कॅमेऱ्याकडे. संवाद पूर्ण. ओके."

"ते आधीचं आहे. तेव्हा मी काही दिलंच नव्हतं. शेवटची इच्छा पहिल्या इच्छेच्या आधी असते का कुठे?"

"आमच्याकडे असते. प्रत्येक टेकआधी कॅमेऱ्यासमोर धरतात त्या पाटीवरचा आकडा बघ. बारा आधी, एकसष्ट नंतर. कोणत्या दिवशी काढलं याला आमच्याकडे कुत्रं विचारत नाही. तू आमचं कागदावरचं वाक्य खरं धरलंस ना? मग कागदावरचा क्रमही खरा धर. वाक्य आमचं घ्यायचं आणि क्रम स्वतःचा लावायचा, हे नाही चालणार."

"तिच्या मधल्या इच्छा..."

"शेवटची म्हणाली ती. शेवटच्या इच्छेनंतर काही नसतं."

त्याने खूप फाटे फोडले. शब्दाशब्दावर अडला. मी सव्वीस वर्षं डायरेक्टर लोकांशी भांडले आहे. त्यांच्यापुढे हा काहीच नव्हता. दर वेळी मी वहीवर बोट ठेवत होते आणि दर वेळी त्याच्या गालावरचा हिरवा रंग पोपडे धरत होता. शेवटी त्याचे पाय धुरासारखे झाले आणि सुरईच्या तोंडाकडे ओढले जायला लागले.

कमरेपर्यंत आत गेल्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडे नको असलेला टेक टाकून देतात. मी ऐकलंय. टाकलेला टेक म्हणजे न बोललेला शब्द. ज्या दिवशी तो टाकाल, त्या दिवशी मी बाहेर आणि तिचा गळा माझा."

"टाकणार नाहीत."

"ठरवणारी तू कोण?"

"वही माझ्याकडे आहे," मी म्हणाले, आणि बूच तळहाताने ठोकून बसवलं.

अंगणात गाडी अजून सुरूच झाली नव्हती. भाची मागच्या सीटवर बसली होती, तोंडावर हात. मी दार उघडलं आणि म्हणाले, "बोल."

तिने मान हलवली. नाही.

"बोल म्हणते ना. माझ्यावर सोड."

तिने बोटं जराशी बाजूला केली. "मावशी," ती म्हणाली. बारीक, बसलेला, पण तिचा. मी गाडीच्या दाराला टेकून रडले, सगळ्यांच्या देखत. डायरेक्टर म्हणाला, बघा, ताणच होता.

सिनेमा पुरा झाला. महिन्याभराने संकलनाच्या खोलीत बसलो. मी, डायरेक्टर आणि संकलन करणारी मुलगी, जिच्या टेबलावर पाचशेच्या वर तुकडे पडले होते. ते कुठला कुठला हे माझ्या वहीशिवाय कळायची सोय नव्हती, कारण पाटी लिहिणाऱ्याचं अक्षर देवालाही लागलं नसतं.

एकसष्टावर आल्यावर डायरेक्टर म्हणाला, "टेक चार लाव."

"पाच," मी म्हणाले.

"पाच बघितलात का तुम्ही?" त्याने लावून दाखवला.

धूर होता, भाची होती, सुरई होती, पोचा झकास दिसत होता. आणि डाव्या कोपऱ्यात, जिनच्या गुहेत, डोक्यावर चष्मा चढवलेली, वही छातीशी धरलेली, घामाघूम झालेली एक बाई वाकून उभी होती. मागे सरले होते मी. पुरेशी सरले नव्हते.

मी लोकांच्या हातातली घड्याळं पकडली आहेत, खिडकीतून दिसणारी मोटार पकडली आहे, चहाचा कप एका इंचाने सरकला तर शूटिंग थांबवलं आहे. या धंद्यात माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, एवढं एक होतं, की हिच्या नजरेतून चूक सुटत नाही.

"टेक पाचच राहील," मी म्हणाले.

डायरेक्टर हसायला लागला. मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "वहीबाई, तुम्ही दिसताय."

"दिसते."

"ढळढळीत दिसताय. लोक हसतील."

"हसतील."

"कोपरा कापून टाकते ना," संकलनवाली समजुतीने म्हणाली. "कळणारही नाही कुणाला."

मी विचार केला. कापलेला टेक हा तोच टेक का, यावर तो सुरईतला वकील किती दिवस खल करेल, ते मला माहीत होतं. "कडेचा दोरासुद्धा कापायचा नाही," मी म्हणाले. मग वही पिशवीत घातली, पिशवीची चेन लावली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. "पाच राहणार असेल तर वही उघडते. नाहीतर पाचशे तुकडे आहेत, बसा जुळवत."

"कारण तरी सांगाल?"

"नाही."

"तुमच्या नावाला बट्टा लागेल," तो शेवटी म्हणाला. त्यात माया होती, हे मी नाकारत नाही.

"माझ्या नावाचं मी बघते," मी म्हणाले, आणि तो तयार होईपर्यंत चेन उघडली नाही.

सिनेमा लागला. सुरई माझ्या कपाटात आहे, बुचावर मेण ओतून. तिसऱ्या भागाची बोलणी चालू आहेत आणि ती कुठे गेली म्हणून मला विचारतात. मी सांगते, वहीत नोंद नाही.

पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघी गेलो. थिएटर अर्धंअधिक भरलं होतं. एकसष्ट आला. भाची धुरात उभी राहिली. "माझी शेवटची इच्छा," ती पडद्यावर म्हणाली, सगळं थिएटर चिडीचूप झालं, आणि मग डावीकडून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग मागची पूर्ण रांग.

"अरे, ती बाई कोण?" मागून कुणीतरी ओरडलं. "वही घेऊन जिनकडे हिशेब मागायला आली वाटतं."

हसण्याची लाट आली. मला वाटलं होतं, मी खुर्चीत विरघळेन. मी मान वर केली आणि पडद्यावरच्या त्या घामट बाईकडे सरळ बघत राहिले. पूर्ण टेक, एक कडाही न कापलेला. ओके.

शेजारची खुर्ची वाजली. भाची उठून उभी राहिली होती. मी तिचा हात खाली ओढला, पण ती बसली नाही. ती मागच्या रांगेकडे वळली आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात, माझ्या ताईच्या आवाजात, म्हणाली,

"ती माझी मावशी आहे."